पिसाच्या गोल देवळात कांदा कोणी मागितला

माझी पोरगी वर्षा इथल्या लोकांच्या गोष्टी मले मोबाइलवर वाचून दाखवते. कोणाले रस्त्यात पांढऱ्या पातळाची बाई भेटली, कोणाच्या घरी आपोआप भांडे वाजले. मी ऐकून घेतो. मानत नाही. हिंगण्याच्या कंपनीत जिंदगी गेली, त्यातल्या अर्ध्या रात्रपाळ्या. सायकलनं घरी येताना रस्त्यात मसनघाट लागत होता. तिथं मले कुत्र्यांशिवाय काही दिसलं नाही. आजही कोणी म्हटलं का तिथं काहीतरी आहे, तर मी म्हणीन हो, कुत्रे आहेत, हातात दगड घेऊन जाजो.

तरी हे लिहून राहिलो. माझं शिक्षण सातवी. मी कागदावर लिहिलं, वर्षा टाइप करून राहिली. तिले सांगितलं का माझे शब्द बदलवू नको. ज्याले समजलं त्यानं मले समजावून सांगा, एवढ्यासाठीच आहे हे.

गोष्ट पिसा नावाच्या गावातली आहे. इटलीत आहे ते. वाकडा मनोरा आहे ना, ते गाव. पण अगोदर नागपूरच्या प्रताप नगरातलं सांगावं लागते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

प्रताप नगरात मागच्या गल्लीत आमचं घर — खाली दोन खोल्या, वर गच्ची. मी अन् माझी बायको. तिचं नाव लिहीत नाही. होती तेव्हा कधी घेतलं नाही, आता काय घेऊ. मी तिले 'अवं' म्हणत होतो, ती मले 'अवो'. तेवढ्यात आमचं सारं काम चालत होतं.

नागपूरचं ऊन ज्यानं पाहिलं त्याले सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. मे महिन्यात आमच्याकडं माणूस घराबाहेर निघाला का डोक्याले दुपट्टा अन् खिशात कांदा. पांढरा कांदा. तो अंगातलं ऊन ओढून घेते म्हणतात. खरं-खोटं मले माहीत नाही. डॉक्टर हसतात. पण माझ्या बायकोचं यावर पक्कं होतं. दुसऱ्या बाया नुसता हातात कांदा देतात. हिनं माझ्या सगळ्या प्यान्टींना आतून, डाव्या अंगाले, कमरपट्ट्याच्या खाली एक चोरखिसा शिवला होता. जुन्या पांढऱ्या पातळाच्या कापडाचा. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली का रोज सकाळी त्यात कांदा टाकत होती अन् तोंडाले सेफ्टी पिन लावत होती. पिन उभी, टोपी खाली. मी कधी लावली तर आडवी. ती म्हणे आडवी पिन वाकलं का पोटात घुसते. मी म्हणो आजवर तर नाही घुसली. ती म्हणे मी लावते म्हणून.

अन् संध्याकाळी मी घरी आलो का चप्पल काढायच्या आत पहिली गोष्ट — "आणा तो कांदा." पाणी त्याच्या नंतर. तिचं म्हणणं का दिवसभर ऊन प्यालेला कांदा घरात रात्र काढू देऊ नये. भाजीत टाकायचा तर सवालच नाही. हातात घेऊन दाबून पाहत होती, नरम लागला का म्हणे, "आज जास्त होतं." मंग स्वतः जाऊन गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या पलीकडं फेकून येत होती. आल्यावर चोरखिसा उलटा करून झटकत होती, का पापुद्रे राहिले तर खाज सुटते. मंग मले पाणी. इतक्या वर्षांत तो कांदा मी स्वतः काढून फेकला असं एकदाही झालं नाही. मागायचं काम तिचं, द्यायचं माझं.

हे ध्यानात ठेवा.

कंपनीच्या बसमधले आम्ही तिघं दोस्त — मी, मारोती अन् डोमाजी. डोमाजीची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली, ते सोडलं तर तिघंही धड रिटायर झालो. मारोतीचा पोरगा प्रशांत पिसात मशीनच्या कंपनीत आहे. त्यानं माय-बापाले बोलावलं. मायचे गुडघे गेलेले, ती म्हणे मी नाही येत बाप्पा विमानात, तुम्ही तुमचे दोस्त घेऊन जा. डोमाजीची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणून ठरलं असं का मारोती, डोमाजी, मी अन् माझी बायको. उन्हाळ्यात थोडे दिवस. डोमाजी त्याले पिकनिक म्हणे, जसं काही अंबाझरीच्या तलावावर चाललो.

पासपोर्ट झाले. बोटांचे ठसे देऊन आलो. दोघांचाही व्हिसा लागला. तिनं बूट घेतले, पांढरे, लेसवाले. जिंदगीत चपलेशिवाय पायात काही घातलं नव्हतं. पातळावर ते बूट घालून रोज संध्याकाळी गच्चीवर चकरा मारत होती, बूट मोकळे व्हावे म्हणून. डोमाजी खाली गल्लीतून ओरडे, "वहिनी, शर्यतीले चालल्या का?" ती वरून म्हणे, "पहिले तुमच्या पाठीवर चालून पाहते भाऊजी, मंग सांगते."

मे महिन्यात एका दिवशी मी सक्करदऱ्याले गेलो होतो, एका नातेवाइकाकडं लग्नाची बोलणी होती. सकाळी तिनं कांदा टाकला, पिन लावली. दुपारी ती गच्चीवर चढली. सरगुंडे वाळत टाकले होते, म्हणजे हातानं वळलेल्या शेवया, ते उलटायले. खाली आली, कूलरसमोर बसली, शेजारच्या बाईले म्हणे डोकं जड झालं. मंग बोलली नाही. मी येईपर्यंत दवाखान्यातून परत आणली होती. डॉक्टर म्हणे हार्ट. शेजारीण म्हणे ऊन. मले दोन्ही सारखंच.

अंगणात माणसं होती. मी चप्पल काढली. कोणीतरी पाण्याचा गिलास दिला, मी पिलो. पुढचं सारं झालं ते झालं. घाटावरून आल्यावर कधीतरी हात पोटाशी गेला, तेव्हा समजलं का कांदा खिशातच आहे. कोणी मागितला नव्हता.

मी रडलो नाही. लोक म्हणत होते रडा, मोकळं वाटते. येत नव्हतं तर काय करू. तेरवी झाली. तिची पातळं तिच्या बहिणीनं वाटून टाकली. ती प्यान्ट मी खुंटीले टांगून ठेवली. वर्षा धुवायले घ्यायले आली तर नाही म्हटलं. काहून ते सांगितलं नाही. तिनं कपडा चाचपला, हाताले कांदा लागला, अन् प्यान्ट परत टांगून गेली.

फेकून देता आला असता. रस्ता समोर आहे. पण ते माझं काम नव्हतं. अन् डोक्यात असं बसलं होतं का तो कांदा कोणी मागत नाही तोवर त्या दिवसाची संध्याकाळ झालीच नाही. मी सक्करदऱ्याहून अजून घरी पोचलोच नाही. येडेपणा आहे, मले समजते. पण तिच्या हातचं माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं, अन् ते मले हरवायचं नव्हतं.

जायचं नाही असं मी म्हटलं का, आठवत नाही. जायचं असंही म्हटलं नाही. भावजय घरी येऊन बोलून गेली का तेरवीचं जेवण पचलं नाही लोकांचं, अन् बुवा विलायतेले चालले फिरायले. वर्षा तिच्यावर धावून गेली. वर्षाले भीती होती का मी असाच बसल्या बसल्या जाईन. मी जेवत होतो, झोपत होतो, पण ती म्हणे बाबा, तुम्ही दिवसभर एक शब्द बोलत नाही. मारोती म्हणे, "बोलायचं नसन तर नको बोलू. तिथं तसंही आपलं कोणाले समजत नाही." डोमाजीनं येऊन त्याच्या तीन बोटांनी माझी ब्याग भरली.

मी तीच प्यान्ट घालून निघालो.

नागपूरच्या विमानतळावर मशीनमधून गेलो तर पिन वाजली. शिपायानं पोट चाचपलं. "बाबाजी, ये क्या है?" मी म्हटलं, "प्याज." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मंग त्याच्या साहेबाकडं. साहेब इकडचाच असावा. मान न उचलता म्हणे, "जाऊ दे बे, ऊन आहे बाहेर." मुंबईत मात्र पिन काढायले लावली. तिनं लावलेली ती पिन तिथं पहिल्यांदा मी उघडली. पलीकडं जाऊन पुन्हा लावली — माझ्या पद्धतीनं, आडवी. इटलीत उतरलो तेव्हा एका बोर्डावर फळं-भाज्यांचं चित्र होतं अन् त्यावर लाल काट मारलेली. डोमाजी म्हणे इथं भाजी मिळत नाही दिसते. मले कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर दिला नसता.

प्रशांतचं घर नदीजवळच्या गल्लीत होतं, जिना चढून चढून जावं लागे. पिवळी घरं, खिडक्यांना लाकडाच्या हिरव्या झडपा. दुपारी सारं गाव झडपा लावून आत बसते. तेवढं मले आपल्यासारखं वाटलं. आम्ही गेलो तेव्हा तिथं ऊन वाढलं होतं, लोक तोंडावर पाणी मारत फिरत होते. प्रशांत काळजी करे, का काका, टोपी घाला, चाळीसच्या जवळ गेलं आहे. डोमाजी म्हणे, "चाळीसमध्ये आमच्याकडं स्वेटर घालतात गा." आम्ही तिघांनी डोक्याले-कानाले पांढरे दुपट्टे बांधले अन् निघालो. लोकांनी मनोरा सोडून आमचेच फोटो काढले.

मनोरा पाहिला. वाकडा आहे. लोक दुरून हवेत हात धरून उभे राहतात अन् फोटोत असं दिसते का मनोऱ्याले टेका देऊन राहिले. डोमाजीनं दिला टेका. मले म्हणे तूही दे. मी म्हटलं तुझाच पुरे आहे. प्रशांतनं सांगितलं का खालची माती नरम आहे, शेकडो वर्षं झाली असाच उभा आहे, पडत नाही. मी म्हटलं बरं.

खरं सांगतो, मले काही वाटलं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. पाणी प्या म्हटलं, पिलो. आइसक्रीम खा म्हटलं, खाल्लं. चाला म्हटलं, चाललो. ती असती तर मनोऱ्यापेक्षा बुटांचं जास्त बोलली असती.

एकच गोष्ट मले तिथं खुपली. संध्याकाळच होत नव्हती. जेवणाची वेळ निघून जाये तरी समोरच्या भिंतीवर ऊन. आपल्याकडं या वेळेले अंधार पडून कूलर लागलेले असतात. मारोती अन् डोमाजी खूश होते का दिवस मोठा आहे, फिरायले मिळते. मी खिडकीत बसून त्या उन्हाकडं पाहत होतो. हात पोटाशी. कांदा वाळून लिंबाएवढा झाला होता. हललो का आतल्या आत पापुद्रे कुरकुर वाजत.

परत यायच्या आदल्या दिवशी दुपारी प्रशांत आम्हाले मनोऱ्याजवळच्या गोल इमारतीत घेऊन गेला. पहिल्या दिवशी ती बंद झाली होती. बाहेरून पांढरी, मोठ्या टोपीसारखी. प्रशांत म्हणे इथं लहान लेकराले पाणी लावून नाव ठेवत होते, आपल्या बारशासारखं. डोमाजीनं वर पाहिलं अन् म्हणे, "एवढ्या इमारतीत बारसं? घुगऱ्या किती लागत असन गा?"

दाराशी मी पायरीवर बसलो, बुटाची लेस सुटली होती. वाकलो तेव्हा कांदा पोटाले लागला, पापुद्रे वाजले. हे मले पक्कं आठवते. आत जायच्या अगोदर तो होता.

आत थंड होतं. मधात दगडाचं मोठं कुंड, भोवताली खांब, वर नुसता पोकळ घुमट. चित्रं नाही, झुंबर नाही. मी, डोमाजी अन् मारोती कुंडाच्या एका बाजूले उभे राहिलो. डोमाजी माझ्या उजव्या हाताले, मारोती त्याच्या पलीकडं. प्रशांत मागं. डाव्या हाताले कोणी नव्हतं, खांब होता, तोही दूर.

थोड्या थोड्या वेळानं तिथली राखणदार दार लावून गाते म्हणे, आवाज कसा घुमते ते लोकांना ऐकवायले. ती आली. साधी बाई, निळा शर्ट, कमरेले चाव्या. लोकांना गप्प केलं. अन् तिनं एकच लांब सूर लावला. तो वर गेला, पण विरला नाही, तिथंच राहिला. मंग दुसरा सूर. पहिला वर आहेच. मंग तिसरा. खाली बाई एकटी, अन् वरून चार-पाच जणी गात असल्यासारखं. मंग तिनं तोंड मिटलं. वरचं चालूच... हळूहळू कमी होत गेलं.

ते संपायच्या बेतात होतं, तेव्हा माझ्या डाव्या बाजूले, खांद्याच्या खाली — तिचं डोकं माझ्या खांद्याच्या खालीच येत होतं —

"आणा तो कांदा."

घुमल्यासारखं नाही. घुमटातून नाही. कुजबूजही नाही. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन म्हणावं तसं. थोडं चिडून. मले यायले उशीर झाला का जशी म्हणत होती तशी.

मी घाबरलो नाही. इथं लोक लिहितात अंगावर काटा आला, घाम फुटला. मले काही झालं नाही. त्या क्षणी त्यात वेगळं काही वाटलंच नाही. घरी आल्यावर बायकोनं कांदा मागितला तर माणूस काय करते. देते. मी म्हटलं, "घे."

ते मात्र वर गेलं. साऱ्या घुमटात फिरलं. घे... घे... घे... लोकांनी वळून पाहिलं. चाव्यावाल्या बाईनं ओठावर बोट ठेवलं. मारोतीनं पुढं वाकून माझं मनगट धरलं. माझ्या डाव्या बाजूले मी पाहिलं ते तेव्हा. दगडी जमीन होती, बाकी काही नाही.

दार उघडलं, आम्ही बाहेर उन्हात आलो. डोमाजी म्हणे, "कोणाले म्हटलं गा?" मी म्हटलं कोणाले नाही. अन् हात पोटाशी गेला, सवयीनं. सपाट होतं.

मी म्हटलं, "कांदा गेला."

तेव्हा पहिल्यांदा मी दोघांना सांगितलं — कोणता कांदा, कोणत्या दिवसाचा, काहून ठेवला होता. तिथंच गवताच्या कडेच्या दगडावर बसून. महिन्याभरात तेवढं सलग मी बोललो नव्हतो. आवाजाचं सांगितलं नाही, नुसतं कांद्याचं. मारोतीनं दुपट्टा सोडला अन् तोंड पुसलं. मंग उठला, म्हणे, "आत पडला असन, चाल."

प्रशांत चाव्यावाल्या बाईशी बोलला. काय हरवलं हे तिनं विचारलं असन, त्यानं सांगितलं असन. ती हसली नाही. आम्हाले आत घेतलं अन् स्वतःही वाकून कुंडाच्या पायऱ्यांखाली पाहिलं. आम्ही चौघं अन् ती. साफ झाडलेला दगड. कांदा तर नाहीच, पापुद्राही नाही.

रस्त्यानं प्रशांत म्हणे काका, इथं पाकीटमार फार आहेत, गर्दीत कळत नाही. डोमाजी म्हणे, "पाकीट ठेवलं, पासपोर्ट ठेवला, अन् कांदा नेला? पोहे करायचे होते का त्याले?" मारोती हसला.

घरी येऊन मी प्यान्ट बदलली. ती उलटी करून खिडकीत नेली. समोरच्या भिंतीवर नेहमीसारखं ऊन होतंच. चोरखिशाच्या तोंडाले पिन होती. बंद होती.

उभी होती. टोपी खाली.

मी मुंबईत आडवी लावली होती. मधल्या दिवसांत उघडली नाही, उघडायचं कामच नव्हतं. मी कपडा उन्हासमोर धरला. पातळाचं कापड पातळ, पलीकडचं सारं दिसते. आत काही नव्हतं. महिनाभर वाळलेल्या कांद्याचा एक पापुद्रा नाही, माती नाही, शिवणीत अडकलेलं काही नाही. झटकल्यासारखा साफ.

किती वेळ तसा उभा होतो माहीत नाही. डोमाजी मागं येऊन उभा राहिला. त्याले पिनेचं दाखवलं. तेव्हा आवाजाचंही सांगितलं. त्यानं पिनेले हात लावला नाही. मंग म्हणे, "मी तुझ्या बाजूले होतो. मले कोणाचा आवाज आला नाही, खोटं नाही सांगत. पण तुझा हात मी पाहिला."

मी म्हटलं काय पाहिलं.

"तू 'घे' म्हटलं तेव्हा तुझा डावा हात सरळ पुढं आला. देतो तसा. रिकामा होता. अन् तो हात त्याच्या अगोदर पोटापाशी गेलाच नाही गा. मी पाहून राहिलो होतो ना."

तो खिडकीपाशी बसला. मंग म्हणे, "माझीनं तर कधी काही मागितलं नाही." अन् उठून गेला.

मी झडपा लावल्या अन् झोपलो. बाहेर ऊन होतं, तरी झोपलो. मारोती म्हणते जेवायले उठवलं तर उठलो नाही.

आता लोकांनी जे जे सांगितलं ते लिहितो. प्रशांत म्हणे माणूस दुःखात असला का त्याले ओळखीचा आवाज ऐकू येते, अन् त्या इमारतीत तर आवाज तसाही फसवते. ठीक आहे, आवाजाचं मानतो. मारोती म्हणे पिन तूच झोपेत उभी केली असन अन् तूच कांदा कुठंतरी टाकला असन. पण मी दाराशी वाकलो तेव्हा तो होता. वर्षाले शंका आली डोमाजीवर. का त्यानंच मले त्या कांद्यापासून सोडवायले हळूच काढून फेकला असन. मलेही एकदा तसं वाटलं. वर्षानं त्याले घरी बोलावून तोंडावर विचारलं. डोमाजीले राग आला नाही. त्यानं उजवा हात तिच्यापुढं धरला अन् म्हणे, "बाई, मले शर्टाची गुंडी लावायले सूनबाई लागते. मी चालत्या माणसाच्या प्यान्टीच्या आतली पिन उघडून परत लावीन का?" वर्षानं मंग त्याले चहा दिला.

घरी आल्यावर मी विहिणीले विचारलं, एका महाराजाले विचारलं, दवाखान्यातल्या डॉक्टरलेही विचारलं. महाराज म्हणे आत्मा मोकळा झाला. डॉक्टर म्हणे गोळी लिहून देतो. भावजय म्हणे तिकडची जागा बाधली. कांदा कुठं गेला हे कोणीच सांगितलं नाही. मीही सांगू शकत नाही. भुताखेताचं मी आजही मानत नाही. तिले भूत म्हणायले माझी जीभ वळत नाही, अन् दुसरं काय म्हणावं ते मले येत नाही.

बरं वाटते का, विचारतात. नाही वाटत. रडूही अजून आलं नाही. फरक म्हणाल तर एवढा का ती प्यान्ट मी वर्षाले धुवायले दिली. पिन काढू दिली नाही. पिनेसकटच धुतली, त्यामुळं ती गंजली अन् पांढऱ्या कापडाले डाग पडला.

यंदा आखाजी झाली. बाहेर जायचं असलं का दुसऱ्या प्यान्टीत कांदा आता मीच टाकतो. संध्याकाळी घरी येतो, दाराशी थोडा उभा राहतो. चप्पल काढत नाही. कोणी मागत नाही. मंग मीच रस्त्याच्या पलीकडं फेकून येतो, अन् मंग पाणी पितो.

पिन मीही उभी लावून पाहिली. ती कापडात नीट बसत नाही, सुटते. कशी लावत होती ते कधी पाहिलंच नाही, ती लावत होती तेव्हा मी दुसरीकडं पाहत असो. म्हणून मी आडवीच लावतो. खुंटीवरच्या प्यान्टीची तेवढी उभी आहे.